शटडाउननंतरचा वारा

मराठी घरात नवी वस्तू आली की तिला आधी हळदकुंकू लावतात आणि मग झाकून ठेवतात. फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, मिक्सरला झबलं, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. वॉशिंग मशीनचं कव्हर मळलं तर ते मशीनमध्ये धुवायला टाकत नाहीत, कारण तेवढा वेळ मशीन उघडं पडतं. ते हाताने धुतात. या परंपरेला जागून आईने आमच्या संगणकाच्या डब्यालाही जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. (या डब्याला घरोघरी सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आत असतो आणि तळहाताच्या खळग्यात मावतो, हे सांगत फिरणाऱ्या माणसाला लोक पुढच्या बारशाला बोलावत नाहीत.) रात्री शटडाउन करायचं, स्क्रीन काळी झाली की कव्हर चढवायचं, असा रिवाज पडला. एका रात्री नाना पाणी प्यायला उठले आणि त्यांना ते कव्हर श्वास घेताना दिसलं.

नाना घाबरणाऱ्यांतले नव्हेत. वीज मंडळात हयात गेली, भर पावसात फ्यूज बांधले, तेव्हा पडद्याच्या कापडाला ते काय भिणार. त्यांनी कव्हर उचललं, डब्याच्या मागे हात धरला, हाताला वारा लागला. मग त्यांनी मला उठवलं.

‘‘अरे, हे बंद केलंस ना तू?’’

‘‘केलं की.’’

‘‘मग हा वारा कुणाचा?’’

नानांच्या मते विजेच्या वस्तूच्या दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. तिसरी अवस्था त्यांनी सबंध नोकरीत फक्त आकडा टाकणाऱ्यांच्या घरी पाहिली होती. तिथे मीटर बंद असायचा आणि पंखा चालू. आता तोच प्रकार स्वतःच्या हॉलमध्ये बघून त्यांना जी खिन्नता आली ती शब्दांत सांगता येणार नाही. स्क्रीन काळी, कीबोर्ड मेलेला, माउसच्या पोटातला लाल दिवा मात्र मिणमिणतोय आणि आतले पंखे निवांत फिरतायत. ते प्लग उपटायला वाकले. मी म्हणालो, थांबा, तो आत अजून काही लिहीत असला तर हार्ड डिस्क बिघडेल. नानांनी घड्याळाकडे पाहिलं. ‘‘रात्री दोन वाजता काय लिहितोय?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पुढचं बटण दाबून धरलं. चार सेकंद धरून ठेवलं की सगळं मरतं, हे या यंत्रांत ठरवूनच दिलेलं आहे. नानांनी चार आकडे मोठ्याने मोजले आणि वारा थांबला. दुसऱ्या रात्री शटडाउन केल्यावर पुन्हा सुरू.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारण्याची अवदसा मला सुचली. पहिल्या मिनिटाला ‘व्हायरस’ आला. हे उत्तर देणारे काका लिफ्ट अडकली तरी तेच सांगतात. दुसऱ्यांनी लिहिलं, फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज मारून घ्या. तिसऱ्यांचा संगणक उलट शटडाउन केला की आपला आपण सुरू व्हायचा. खोलात गेल्यावर कळलं, दसऱ्याला त्यांच्या घरी पॉवरच्या बटणालाच गंध-अक्षता लावली होती आणि ते बटण चिकटून बसलं होतं. ऐकायला चेष्टा वाटेल, पण अडकलेलं बटण हा या आजारात तपासायचा पहिला मुद्दा आहे, आणि ज्या प्रदेशात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तिथे तर जास्तच. नानांनी आमचं बटण नखाने खरवडून पाहिलं. स्वच्छ होतं. आमच्याकडे फुलं वाहतात, आणि ती पुढच्या जाळीतून आत ओढली जातात. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या नंतर सापडल्या, पण त्यांचा या गुन्ह्याशी संबंध नव्हता.

वारा नक्की कुठल्या पंख्याचा, हे आधी ठरवायला हवं होतं. एका डब्यात सहसा तीन पंखे असतात. एक प्रोसेसरच्या डोक्यावर, एक डब्याच्या पाठीला आणि एक त्या चौकोनी लोखंडी पेटीत, जिला जगात पॉवर सप्लाय आणि आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात. मुलांच्या खेळाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे आणखी वेगळे. नानांनी उदबत्ती पेटवली. धूर कुठे ओढला जातो आणि कुठून बाहेर फेकला जातो ते डोळ्यांनी दिसतं, ही युक्ती मला फार आवडली. पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. अर्ध्या रात्री संगणकापुढे उदबत्ती ओवाळणारे नाना, बाजूला झोपाळू डोळ्यांनी हात जोडल्यासारखा उभा मी. त्यांनी वाटी ठेवली, नमस्कार केला आणि प्रसाद न घेता गेल्या.

उदबत्तीचा निकाल असा की सगळेच पंखे फिरतायत. इथे बंगळूरचा भाचा फोनवर आला आणि प्रकरणाला शास्त्रीय वळण लागलं. ‘‘आजोबा, मीटर आहे ना तुमच्याकडे? हार्ड डिस्ककडे जाणाऱ्या तारांत पिवळी कुठली बघा.’’ नानांना हा प्रश्न विचारणं म्हणजे निवृत्त माणसाला पुन्हा कामावर बोलावण्यासारखं होतं. एसएमपीएसमधून निघणाऱ्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी बारा व्होल्टची, लाल पाचची, काळी अर्थिंगची. आणि एक जांभळी असते, ती पाच व्होल्टचीच, पण वेगळी. संगणक बंद असताना फक्त ती जिवंत असते. बटण दाबल्याचं कळायला आतमध्ये कुणीतरी जागं हवं, त्याची ती सोय. माउसचा लाल दिवाही तिच्यावरच पोसला जातो. पंखे चालतात ते बारा व्होल्टवर. म्हणजे स्क्रीन कितीही काळी असली तरी पंखा फिरतोय याचा अर्थ पिवळी जिवंत आहे, आणि पिवळी जिवंत आहे याचा अर्थ सबंध एसएमपीएस चालू आहे. मीटरचा काटा बारावर जाऊन थांबला.

‘‘हा बंद नाहीच,’’ नाना म्हणाले. ‘‘नुसतं तोंड मिटून बसलाय.’’

नानांच्या ऑफिसात बिलिंगला पहिला संगणक आला तेव्हा त्याला एसी खोली मिळाली होती आणि साहेबाला टेबलफॅन. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पुढे टेबलावर आलेल्या संगणकांना पुढच्या बाजूला जे बटण असे ते खरं बटण होतं. भिंतीतली २३० व्होल्टची वीज जाड केबलमधून त्या बटणापर्यंत यायची. दाबलं की खट् आणि अंधार. विंडोज ९५ च्या काळात शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटायची, आता संगणक बंद करायला हरकत नाही. आवराआवर यंत्राने करायची आणि बंद माणसाने करायचं, अशी ती वाटणी. नाना अजून त्या अक्षरांची आठवण काढतात.

मग १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा साचा आणला आणि बटणाचे अधिकार गेले. आता पुढचं बटण दाबणं म्हणजे तलाठी ऑफिसात अर्ज टाकणं आहे. अर्ज ऑपरेटिंग सिस्टीमच्या टेबलावर जातो. ती प्रत्येक प्रोग्रॅमला विचारते, बाबा रे, तुझी काही हरकत? नोटपॅडमध्ये कुणीतरी ‘दूध २, कोथिंबीर’ एवढंच लिहून जतन न करता सोडलेलं असतं, त्यावर फाइल अडते. ते निस्तरलं की एकेक ड्रायव्हर सही करतो. शेवटी मदरबोर्डकडे कागद येतो. एसएमपीएसची एक हिरवी तार मदरबोर्डने धरून ठेवलेली असते. ती धरली की एसएमपीएस चालू, सोडली की बंद. सगळ्यांच्या सह्या झाल्या तर मदरबोर्ड ती सोडतो. मधल्या एका टेबलावरचा माणूस जागेवर नसला तर स्क्रीन काळी होते, आपण झोपायला जातो आणि हिरवी तार सकाळपर्यंत कुणीतरी धरून बसलेलं असतं. चार सेकंद बटण दाबून धरणं म्हणजे तेवढं थेट कलेक्टरला भेटणं.

एवढ्याने भागलं नाही. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि यंत्राच्या झोपेच्या पायऱ्या ठरवल्या. एस-झिरो म्हणजे टक्क जागा. एस-थ्री म्हणजे मेमरीला तेवढी वीज देऊन घेतलेली डुलकी. एस-फोर म्हणजे सगळं डिस्कवर लिहून ठेवून झोप. आपण ज्याला शटडाउन म्हणतो ते एस-फाइव्ह, आणि त्याचं अधिकृत नाव आहे सॉफ्ट ऑफ. खरं, पूर्ण, तार तुटलेलं बंद याच्याही खाली आहे, जी-थ्री. तिथे जायचं तर प्लग काढावा लागतो नाहीतर एसएमपीएसच्या पाठीवरचा खटका पाडावा लागतो. नानांनी ही यादी दोनदा ऐकली. ‘‘म्हणजे मी रात्री दोन वाजता जे करणार होतो ते जी-थ्री,’’ ते म्हणाले. यापुढे घरात प्लग काढायला जी-थ्री करणं म्हणायची पद्धत पडली. आई आता गिझरही जी-थ्री करते.

भाच्याचा पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर होता. ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. सकाळी संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून शटडाउनच्या वेळी तो आपले प्रोग्रॅम बंद करतो, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवतो. सकाळी तीच परत उचलतो. एरवी याने काही बिघडत नाही, उतरवून झालं की वीज जाते. पण एखादा ड्रायव्हर या उतरवण्यात अडखळला तर गाडी मध्येच उभी राहते. यातली खरी गंमत पुढे आहे. रिस्टार्ट करताना ही पळवाट वापरली जात नाही, तेव्हा तो मुळापासून आवरतो आणि मुळापासून सुरू होतो. म्हणजे शटडाउन केलं तर अर्धवट आवराआवर आणि रिस्टार्ट केलं तर पूर्ण! ‘रिस्टार्ट करून बघ’ हा जगातला सर्वांत आळशी सल्ला समजून मी इतकी वर्षं हसत आलो होतो, तो शास्त्रशुद्ध निघाला.

पुरावा टास्क मॅनेजरमध्ये होता. तिथे ‘अप टाइम’ म्हणून यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते दाखवतात. नानांनी चष्मा लावून रीडिंग घेतलं. रोज रात्री नेमाने शटडाउन होणारं आमचं यंत्र त्या हिशेबाने गणपतीच्या आधीपासून अखंड चालू होतं. नानांच्या चेहऱ्यावर जुन्या थकबाकीदाराला पकडल्याचं समाधान पसरलं.

फास्ट स्टार्टअप काढायचं तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन एका चौकोनातली टिकली काढायची असते. चौकोन समोर दिसतो, पण फिकट असतो, त्याला हात लावू देत नाहीत. त्याच्या वर एक वाक्य असतं. ते दाबलं की चौकोन मोकळा होतो. त्या वाक्याचा मजकूर असा: ‘जी सेटिंग्ज सध्या उपलब्ध नाहीत ती बदला.’ मी हे वाचून थबकलो. नाना थबकले नाहीत. ‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे नवीन कनेक्शनचा फॉर्म असाच असायचा.’’ ज्याला चौकोनांत अडकायचं नसेल त्याने शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावं, तेवढ्यापुरतं पूर्ण शटडाउन होतं. आम्ही दोन्ही केलं. अप टाइमचं रीडिंग शून्यावर आलं. पंखे फिरतच राहिले.

तेव्हा हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावलं. व्हिजिट चार्ज आधी सांगणारा, पाठीला सॅक, कानात इअरफोन. असे मुलगे सहसा आत येता येता ‘बोर्ड गेलाय’ म्हणतात आणि मग तपासतात. हा तसला नव्हता. त्याने आधी कव्हर बघितलं आणि आईला म्हणाला, ‘‘काकू, हे चालू पंख्यावर घातलंत तर आत भाजणी होईल.’’ आईने मान डोलावली, पण माझ्याकडे असं पाहिलं की पंखे मीच चालू ठेवतो.

त्याने मदरबोर्डवरचा चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर उपटला आणि नानांकडे कागदाला लावायची क्लिप मागितली. एसएमपीएसला बोर्डापासून तोडून वीज दिली, पंखा गप्प. पाठीवरचा खटका पाडून क्लिप वाकवून हिरव्या आणि काळ्या तारेत खुपसली, खटका पुन्हा वर, पंखा फिरला. क्लिप काढली, थांबला. नानांना अत्यानंद झाला. इतक्या वर्षांनी या यंत्रात त्यांना एक खरा स्विच सापडला होता, तार जोडली की चालू, तोडली की बंद. ही क्लिप कायमची बाहेर काढून भिंतीवर बसवता येईल का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. मुलगा तितक्याच गंभीरपणे नाही म्हणाला. एसएमपीएसची पेटी मात्र दोघांपैकी कुणीही उघडली नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून असतात. हे त्याने सांगण्याआधी नानांनी मला सांगितलं आणि नानांनी सांगण्याआधी त्याने पेटी माझ्यापासून दूर सरकवली.

एसएमपीएस निर्दोष. मग त्याने सगळं जोडलं, संगणक सुरू केला आणि विंडोज यायच्या आधी बायोसच्या निळ्या पानावर थांबून बटण दाबलं. खट्! सगळं बंद, पंखेसुद्धा, एका झटक्यात. माझ्या मते ही या विषयातली सर्वांत सुंदर चाचणी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. बायोसमध्ये अजून कुणाच्या सह्या लागत नाहीत, ऑपरेटिंग सिस्टीम आलेलीच नसते. तिथे यंत्र नीट बंद होत असेल तर मदरबोर्डला हिरवी तार सोडता येते, हे सिद्ध झालं. तिथेही पंखे चालूच राहिले असते तर ‘बोर्ड गेलाय’ म्हणायला जागा होती. आमचा गुन्हेगार लोखंडात नव्हता.

बायोस उघडंच होतं म्हणून त्याने जाता जाता ईआरपी नावाची एक सेटिंग दाखवली. युरोपियन युनियनचा नियम आहे की बंद ठेवलेल्या घरगुती यंत्राने उगाच वीज खाऊ नये. २०१० पासून मर्यादा एक वॉट होती, २०१३ पासून अर्धा. ही सेटिंग लावली की जांभळ्या तारेवरचे बरेचसे आश्रित उपाशी ठेवले जातात आणि माउसचा लाल दिवाही विझतो. नानांनी तोंडी हिशेब केला, अर्धा वॉट म्हणजे वर्षाला साडेचार युनिटसुद्धा नाही. युरोपियन युनियनबद्दल आमच्या घरात काही चांगलं बोललं गेल्याची ही पहिलीच वेळ. पण मुलगा म्हणाला, आधी हा एस-फाइव्हला पोचला तर पाहिजे, झोपेचे नियम जाग्या माणसाला लागत नाहीत.

शेवटी सापडला तो चिपसेटचा जुना ड्रायव्हर. विंडोज मध्यंतरी नवीन झालं, ड्रायव्हर जुनाच राहिला. नव्याने निरोप पाठवायचा आणि जुन्याला तो कळायचा नाही, दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. मुलाने मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडचा ताजा ड्रायव्हर घातला आणि शटडाउन केलं. स्क्रीन काळी झाली, पंखे मंदावले, थांबले. नानांनी मागे हात धरला. वारा नाही. मग त्यांनी उदबत्ती लावून खात्री केली. धूर सरळ वर गेला. पिवळी तारही शून्य दाखवू लागली.

इथवर झालं असतं तर मुलगा चहा घेऊन गेला असता. पण त्याने चहासोबत थोडा धंदाही करायचं ठरवलं. म्हणाला, काका, तुमचा एसएमपीएस जुना झालाय, आज ना उद्या जाईल. लॅमिंग्टन रोडवरून चांगल्यातला आणून देतो. शिवाय बंद केल्यावर पंखा चालणं नेहमीच वाईट नसतं. हॉलमधला दिव्याचा प्रोजेक्टर बघा, बंद केल्यावर त्याचा पंखा चालूच राहतो, नाहीतर तापलेला दिवा जातो. गाडी बंद केली तरी रेडिएटरचा पंखा कधी कधी फिरत राहतो. तसंच काही भारी एसएमपीएसमध्येही असतं. शटडाउन केल्यावर पंखा आपणहून तीस ते साठ सेकंद चालतो, आतली ऊब बाहेर काढतो आणि मग थांबतो. मुद्दाम दिलेलं फीचर आहे, म्हणून थोडे पैसे जास्त.

नानांनी कप बशीत ठेवला.

‘‘आणि न चालणारा कितीला?’’